टेक्निकल इंटरव्ह्यूची तयारी आणि उडणारं लक्ष: नेमकं कुठे अडवायचं?

अर्धविराम (धागाकर्ता)

कोडिंग राउंडच्या (इंटरव्ह्यूत प्रोग्रामिंगचे प्रश्न सोडवायची फेरी) तयारीत लक्ष उडतं म्हटलं की ‘फोन बाजूला ठेवा’ हाच सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रश्नात डोकं खुपसलेलं असताना लक्ष फारसं उडत नाही. ते उडतं सांध्यावर. बसलो, पण आज काय सोडवायचं ते ठरलेलं नाही, हा पहिला सांधा. प्रश्न अडला, हा दुसरा. लीटकोडसारख्या सराव साइटवर सबमिट दाबलं, ‘ॲक्सेप्टेड’ (उत्तर बरोबर) दिसलं आणि आता पुढे काय, हा तिसरा. या तीन ठिकाणी हाताला काम नसलं की तो आपसूक नवा टॅब उघडतो.

पहिल्याचा उपाय फुकट आहे. आदल्या रात्री कागदावर तीन प्रश्नांची नावं लिहून ठेवायची, तिन्ही एकाच विषयातले. दोन सोडवायचे, तिसरा राखीव. सकाळी सराव प्रश्नांची लिस्ट उघडायचीच नाही, कारण लिस्ट उघडणं हेच मुळात भटकणं आहे. ब्लाइंड ७५ बरी की नीटकोड १५० (दोन्ही अशाच तयार लिस्ट), यावर तासभर तुलना वाचणं अभ्यासासारखं दिसतं, पण तो अभ्यास नव्हे. एक लिस्ट निवडा आणि बाकीच्यांचे बुकमार्क उडवा.

दुसऱ्यासाठी मीडियम (मध्यम अवघड) प्रश्नाला ४५ मिनिटं धरा. पहिली ५ प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडायला आणि दोन उदाहरणं हाताने करायला. पुढची १० ब्रूट फोर्स (सगळे पर्याय तपासणारी सरळसोट पद्धत) आणि त्यातून सुधारणा शोधायला. २० कोडला, उरलेली १० ड्राय रनला (कोड हाताने एकेक पायरी चालवून बघायला). पंधराव्या मिनिटाला काहीच सुचलं नसेल तर एकच हिंट घ्यायची, तीही फक्त टॉपिक टॅग (प्रश्न कोणत्या विषयातला ते). आणखी १० मिनिटांनीही गाडी हलली नाही तर एडिटोरियल (साइटने दिलेलं उत्तर) वाचायचं, बंद करायचं आणि कोऱ्या फाइलमध्ये न बघता लिहायचं. तोच प्रश्न तीन दिवसांनी पुन्हा. हा नियम भिंतीवर चिकटवलेला हवा. अडलेल्या माणसाला ‘आता काय करू’ हे ठरवायला लावलं की तो ‘जरा ब्रेक घेतो’ असंच ठरवतो.

तिसऱ्यासाठी: ॲक्सेप्टेड आल्यावर वहीत तीन ओळी लिहा. हा पॅटर्न कशावरून ओळखायचा, चूक कुठे झाली, टाइम आणि स्पेस (कोडला लागणारा वेळ आणि मेमरी) किती. मग उठा. ‘तुमचा कोड इतक्या टक्के लोकांपेक्षा वेगवान’ हा आकडा बघू नका. तोच कोड पुन्हा सबमिट केला तरी तो बदलतो, आणि त्याच्या नादाने माणूस दुसऱ्यांची सोल्युशन्स वाचत बसतो.

ब्लॉकर (साइट अडवणारी ॲप), फोन, आवाज यांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

कुलूपवाला

सांध्यांची मांडणी पटली, पण माझं मत कुलपाच्या बाजूने. नियम पाळायचा की नाही हे त्या क्षणी ठरवावं लागलं तर तो नियम मोडतो.

मॅकवर सेल्फकंट्रोल फुकट आहे. साइटची यादी द्या, वेळ लावा, सुरू करा. मशीन रीस्टार्ट केलं किंवा ॲपच उडवलं तरी वेळ संपेपर्यंत यादी उघडत नाही. सुरू करण्याआधी यादी दोनदा तपासा. अभ्यासाची साइट चुकून आत गेली तर तीही बंद. विंडोजवर कोल्ड टर्की. ब्राउझरपुरतं चालणार असेल तर लीचब्लॉक हे एक्स्टेंशन.

एक्स्टेंशन वापरणाऱ्यांची नेहमीची पळवाट इन्कॉग्निटो. तिथे एक्स्टेंशन मुळात बंद असतात, वेगळी परवानगी द्यावी लागते. आणि मशीनवर दुसरा ब्राउझर असेल तर तो काढून टाका, नाहीतर दाराला कुलूप आणि खिडकी सताड.

काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर होस्ट्स फाइल (साइटचं नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचं ते सांगणारी सिस्टिमची फाइल) आहेच. साइटचं नाव ०.०.०.० या कुठेच न नेणाऱ्या पत्त्यावर वळवा, काम झालं.

बिनटॅब

कुलूपवाला, ‘काम झालं’ इतकं सोपं नाही. होस्ट्स फाइलमध्ये वाइल्डकार्ड (एका ओळीत सगळी उपनावं) चालत नाही. मूळ नाव लिहिलं तर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वालं सुरूच राहतं, मोबाइल साइटचं सबडोमेन वेगळं. प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्यावी लागते. विंडोजवर नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला नाही तर फाइल सेव्हच होत नाही, आणि ‘सेव्ह ॲज’ केलं तर नोटपॅड शेपटीला टीएक्सटी चिकटवतो. फाइल दिसते, पण सिस्टिम तिला विचारत नाही. शिवाय आधीच उघड्या असलेल्या टॅबचं कनेक्शन जिवंत असतं. म्हणून बदल केल्यावर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) फ्लश करायचं, म्हणजे तिच्या साठवलेल्या नोंदी पुसायच्या, आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडायचा. ‘ब्लॉक केलं पण चालतंय’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा यातलंच काहीतरी असतं.

राउटरवर डीएनएसने अडवणार असाल तर ब्राउझरमधलं सिक्युअर डीएनएस त्याला वळसा घालू शकतं. ते सेटिंग आधी बघा.

आता जरा गैरसोयीचं बोलतो. लीटकोडचं पान हाच मुळात लक्ष उडवणारा मोठा बाजार आहे. डिस्कसमध्ये पगाराच्या चर्चा, सोल्युशन्सचा टॅब प्रश्नाला खेटून, वर स्ट्रीकची (सलग किती दिवस सोडवलं त्याची) ज्योत, रोजचा डेली चॅलेंज. डेली चॅलेंज तुमच्या विषयाशी जुळेलच असं नाही. स्लायडिंग विंडो हा विषय चालू असताना मध्येच डीपी (डायनॅमिक प्रोग्रामिंग) हा दुसराच विषय सोडवायचा, कारण ज्योत विझू नये! तो नाद सोडा.

फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन या एक्स्टेंशनचा एलिमेंट पिकर (पानाचा भाग निवडून लपवायचं साधन) घ्या आणि सोल्युशन्स, डिस्कस, स्ट्रीक, ॲक्सेप्टन्स रेट यांच्यावर एकेकदा टिचकी मारून ते कायमचे लपवा. पानाची रचना बदलली की फिल्टर तुटतात, मग पुन्हा करायचं. सोल्युशन्स लपवल्यावर बघायचं झालं तर एक्स्टेंशन बंद करावं लागतं. तेवढा अडथळा पुरतो.

त्याहून साधं म्हणजे प्रश्नाचं स्टेटमेंट आदल्या रात्रीच साध्या फाइलमध्ये उतरवून घ्या आणि कोडही तिथेच लिहा. साइटवर फक्त सबमिट करायला जायचं.

नवशिका_२

खूप उपयुक्त चर्चा. एक शंका: सगळीकडे पोमोडोरो करा म्हणतात, २५ मिनिटं काम आणि ५ सुट्टी. इथे ४५ का? २५ मिनिटांत मीडियम प्रश्न होत नाही आणि घंटा वाजली की तंद्री मोडते.

रिकामा_स्टॅक

नवशिका, उत्तर तुम्हीच दिलंत. इंटरव्ह्यूचा राउंड साधारण ४५ मिनिटांचा ते तासाचा असतो, तेव्हा सवय त्याच लांबीची लावावी. फ्रान्सेस्को सिरिलोंनी १९८०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली ती परीक्षेच्या अभ्यासासाठी, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टाइमर घेऊन. थिअरी वाचायला २५ उत्तम. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्कची उजळणी तशीच करा. प्रश्न सोडवायला नाही.

पण त्या पद्धतीतला एक भाग लोक विसरतात आणि तोच कामाचा आहे. मध्येच आपल्याच मनात काही आलं (बिल भरायचं राहिलं, अमक्याला मेसेज करायचा होता) तर कागदावर अपॉस्ट्रॉफीची खूण करायची, पुढे दोन शब्द लिहायचे आणि काम चालू ठेवायचं. बाहेरून कुणी अडवलं तर आडवी रेघ. आठवड्याने खुणा मोजा. अपॉस्ट्रॉफी जास्त असतील तर ब्लॉकर घालून काही होणार नाही, अडचण आतली आहे. रेघा जास्त असतील तर बसायची वेळ किंवा जागा बदला.

आता व्यत्यय ड्राय रनमध्ये आला तर नेमकं काय हरवतं ते बघू. प्रश्न जुनाच: एकही अक्षर पुन्हा न येणारी सर्वांत लांब सबस्ट्रिंग (सलग अक्षरांचा तुकडा). प्रत्येक अक्षराची शेवटची जागा मॅपमध्ये (नोंदींच्या तक्त्यात) ठेवायची, आणि अक्षर पुन्हा दिसलं की डावा पॉइंटर (तुकडा जिथे सुरू होतो ती जागा) ‘शेवटची जागा अधिक एक’ इथे न्यायचा. इनपुट घ्या ‘अ ब ब अ’. जागा ० ते ३.

जागा ०, अ: डावा ०, लांबी १.
जागा १, ब: डावा ०, लांबी २.
जागा २, ब: आधी १ वर होता, म्हणून डावा २, लांबी १.
जागा ३, अ: आधी ० वर होता, म्हणून डावा... १?

इथे डावा पॉइंटर मागे सरकला. लांबी ३ येते, उत्तर २ हवं. डाव्याची नवी जागा आणि जुनी जागा यांतली मोठी घ्यायची, हे इथे कळतं. ‘अ ब क अ ब क ब ब’ या इनपुटवर हाच चुकीचा कोड बरोबर ३ देतो. म्हणजे नेहमीचं उदाहरण चालवून बग सापडत नाही. तो सापडतो चौथ्या ओळीवर, आणि तिथे पोचेपर्यंत डावा, उजवा आणि मॅपमधल्या दोन नोंदी अशा चार गोष्टी एकदम डोक्यात धराव्या लागतात. तिसऱ्या ओळीवर नोटिफिकेशन आलं तर परतल्यावर माणूस डावा पॉइंटर ० धरून पुढे जातो किंवा ‘दिसतंय बरोबर’ म्हणून सबमिट दाबतो.

म्हणून ड्राय रन कागदावर तक्त्यात करा, प्रत्येक पायरीला एक ओळ. आणि उठावंच लागलं तर उठण्याआधी एक वाक्य लिहा: ‘जागा ३ वर आहे, डावा मागे जातोय का ते तपासायचं.’ सोफी लेरॉय यांनी २००९मध्ये आधीच्या कामाचा अंश पुढच्या कामात कसा रेंगाळतो ते मांडलं, आणि २०१८च्या अभ्यासात असं दिसलं की काम सोडताना ‘कुठे होतो, परतल्यावर काय करणार’ एवढं टिपलं तर तो अंश कमी होतो. लिहायला अर्धं मिनिट लागतं.

पॉइंटर

तो तक्ता भारी आहे रिकामा_स्टॅक. फोनबद्दल लिहितो.

दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हे खरं. पण तो परत हातात येतो कशामुळे? ओटीपीमुळे. साइटने लॉगआउट केलं, कोड मागितला, फोन आणला, कोड टाकला आणि वीस मिनिटं गेली. म्हणून बसण्याआधी सगळी लॉगिन करून घ्या. त्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळा प्रोफाइल काढा. त्यात फक्त प्रॅक्टिस साइट, डॉक्युमेंटेशन आणि कॅलेंडर. वैयक्तिक मेल नाही, व्हॉट्सॲप वेब नाही. टाइमर म्हणूनही फोन वापरू नका, घड्याळ वापरा.

ॲप टाइमर लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा: ॲप बंद झालं तरी तीच साइट फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते. आयफोनच्या स्क्रीन टाइमला पासकोड नसेल तर ‘आजच्यापुरतं दुर्लक्ष करा’ हे बटण समोरच असतं. पासकोड दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगा.

सगळं बंद केलं तर रिक्रूटरचा फोन चुकेल, ही भीती खरी आहे, आणि त्या भीतीपोटीच लोक दर दहा मिनिटांनी मेल बघतात. डू नॉट डिस्टर्बमध्ये ओळखीचे नंबर सोडता येतात, पण रिक्रूटर अनोळखी नंबरवरून फोन करतो. त्यासाठी ‘पुन्हा आलेला कॉल वाजू दे’ हे सेटिंग चालू ठेवा. अँड्रॉइडवर त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर वाजतो, आयफोनवर ही खिडकी ३ मिनिटांची. शिवाय पहिल्याच मेलमध्ये ‘दुपारी २ ते ५ फोनवर उपलब्ध’ असं कळवा. बहुतेकजण ते पाळतात.

मेलसाठी जीमेलमध्ये फिल्टर करा: ज्या कंपन्यांत अर्ज केलाय त्यांची डोमेन आणि ‘असेसमेंट’, ‘इंटरव्ह्यू’ हे शब्द. त्यांना एक लेबल, आणि अँड्रॉइड फोनवर त्या एकाच लेबलची सूचना चालू. दिवसातून दोन ठरलेल्या वेळी बघितलं की पुरे. टेस्टची लिंक कधीपर्यंत चालणार ते मेलमध्येच लिहिलेलं असतं. ती तारीख लगेच कॅलेंडरमध्ये टाका आणि मेल बंद करा.

शंकेखोर

फोन दुसऱ्या खोलीत ठेवल्याने खरंच फरक पडतो की नुसतं समाधान? आणि ते ‘एकदा लक्ष उडालं की परत यायला २३ मिनिटं लागतात’ याचं काय?

रिकामा_स्टॅक

२०१७मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या प्रयोगात फोन टेबलावर असलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत असलेल्यांचे गुण बरे आले होते. पण नंतर इतरांनी केलेल्या चाचण्यांत तो परिणाम दर वेळी दिसला नाही. म्हणून ‘नुसत्या अस्तित्वाने बुद्धी कमी होते’ असं छातीठोक म्हणू नये. हात पोचत नाही, हे कारण पुरेसं आहे.

२३ मिनिटांचा आकडा ग्लोरिया मार्क यांच्या नावावर फिरतो, आणि लोक त्यांच्या २००८च्या शोधनिबंधाकडे बोट दाखवतात. त्या निबंधात निष्कर्ष वेगळाच आहे: व्यत्यय आलेल्यांनी काम उलट लवकर उरकलं, पण ताण आणि घाई जास्त. तेही मेलला उत्तरं देण्यासारखं ऑफिसचं काम होतं. ड्राय रनला तो आकडा जसाच्या तसा लावू नका.

घुबड

आवाजाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंखा, एसी, इंजिन असा एकसुरी खालचा आवाज छान कापतात. माणसांचं बोलणं बरंचसं आत येतं, उलट बाकी शांत झाल्यामुळे ते जास्तच ठळक ऐकू येतं. बोलण्याचा त्रास असेल तर फोमचे इअरप्लग आणि वर हेडफोनमधून पावसासारखा सलग आवाज. शब्द असलेली गाणी प्रश्न वाचताना नकोत.

अडचण अशी की इंटरव्ह्यूत मोठ्याने विचार करत बोलायचं असतं, आणि कान बंद असले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, माणूस पुटपुटायला लागतो. म्हणून वाचायचे तास कान बंद करून आणि सोडवायचे तास कान उघडे ठेवून. आठवड्यातला एक मॉक (सरावाचा इंटरव्ह्यू) तर मुद्दाम थोड्या गलबल्यात करा. खऱ्या राउंडला समोरच्याच्या कीबोर्डचा खडखडाट ऐकू येणारच आहे.

घरच्यांना ‘डिस्टर्ब करू नका’ सांगून उपयोग नसतो, कारण त्याला शेवट नसतो. ‘सव्वाआठला बाहेर येते’ असं सांगायचं आणि सव्वाआठला खरोखर बाहेर यायचं.

कुलूपवाला

बिनटॅब, होस्ट्स फाइलची दुरुस्ती मान्य. सबडोमेनचं लिहायचं राहून गेलं.

एआयबद्दल काय? चॅटबॉट ब्लॉक यादीत टाकायचा की नाही?

बिनटॅब

सोडवताना टाकायचा, उजळणीत काढायचा. ‘फक्त हिंट दे’ म्हटलं तरी बहुतेकदा अर्धा कोड हाती येतो आणि तुमची पंधरा मिनिटांची झटापट तिथेच संपते. ४५ मिनिटांनंतर तुमचा कोड देऊन ‘कोणत्या इनपुटवर हा फसेल?’ एवढंच विचारा. आलेलं इनपुट स्वतः कागदावर चालवून बघा, ते चुकीचंही असतं.

एडिटरचंही तेच. व्हीएस कोडमध्ये ‘इंटरव्ह्यू’ नावाचा वेगळा प्रोफाइल करा. त्यात कोपायलट (कोड सुचवणारा एआय) नाही, इनलाइन सजेस्ट बंद, क्विक सजेशन्स बंद. कोडचे रंग राहू द्या. पहिले तीन-चार दिवस साध्या मेथडचं नाव आठवत नाही आणि हात डॉक्युमेंटेशनकडे, तिथून सर्चकडे, तिथून भलतीकडे जातो. उपाय: डॉक्युमेंटेशन ऑफलाइन घ्या. डेव्हडॉक्स ही डॉक्युमेंटेशनची साइट ब्राउझरमध्ये ऑफलाइन चालते, विंडोज आणि लिनक्सवर त्यासाठी झील हे ॲप आहे. मग सोडवायच्या तासात नेट बंदच करता येतं. सगळ्या ब्लॉकरांचा बाप तोच.

टेस्टकेस

ऑनलाइन असेसमेंट देणाऱ्यांसाठी वेगळी सूचना, कारण तिथे व्यत्ययाची किंमत वेगळी. प्रॉक्टर्ड (कॅमेऱ्याने आणि सॉफ्टवेअरने नजर ठेवलेल्या) टेस्टमध्ये टॅब बदलला, फुलस्क्रीन सुटला की नोंद होते. ती नोंद तुमच्या इच्छेने झाली की पॉपअपमुळे, हे समोरच्याला दिसत नाही.

विंडोजवर हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे स्टिकी कीज. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की खिडकी उगवते आणि फोकस पळवते. ॲक्सेसिबिलिटीच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन तिचा शॉर्टकट बंद करा. ऑफिस चॅटचं ॲप नुसतं मिनिमाइज नको, पूर्ण बंद, टास्कबारच्या कोपऱ्यातूनही. अपडेट आदल्या दिवशी उरकून रीस्टार्ट. दुसरा मॉनिटर काढून ठेवा. सॅम्पल टेस्ट असेल तर त्याच मशीनवर, त्याच ब्राउझरमध्ये आधी देऊन बघा, कॅमेऱ्याची परवानगी तिथेच अडते.

आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तयारी करू नका. ॲडमिन हक्क नसतात, त्यामुळे वरचे निम्मे उपाय चालत नाहीत, आणि काय उघडलंय ते दुसऱ्याला दिसू शकतं.

नवशिका_२

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: सिस्टिम डिझाइन (मोठ्या सॉफ्टवेअरची रचना आखणं) व्हिडिओंवरूनच शिकतोय, त्यामुळे यूट्यूब ब्लॉक करता येत नाही. काय करावं?

अर्धविराम

यूट्यूब नाही, यूट्यूबचं होमपेज अडवायचं. वॉच हिस्टरी पुसून बंद करा. ऑगस्ट २०२३पासून हिस्टरी बंद असली की होमपेजवर शिफारशी येत नाहीत, नुसती सर्चची पट्टी राहते. बाजूची ‘पुढे बघा’ रांग अनहूक एक्स्टेंशनने लपवा, ऑटोप्ले बंद. लिंक आदल्या रात्रीच्या कागदावर असलेलीच उघडायची, सर्च करायचं नाही.

बघताना दर ८-१० मिनिटांनी थांबवून आकृती स्वतः काढा: क्लायंट, लोड बॅलन्सर, सर्व्हिस, कॅश, डेटाबेस, क्यू. बाण काढताना कॅश डेटाबेसच्या आधी का, आणि कॅशमध्ये नोंद नसेल तर विनंती कुठून कुठे जाते, हे बोलून दाखवता आलं तर पुढे जा. नाही आलं तर व्हिडिओ मागे घ्या, दुसरा उघडू नका.